सुधाबाईंची सामाईक विहीर

नाशकात नव्वदच्या सालांत जे जे कॉम्प्युटर शिकले, त्यांतल्या निम्म्यांनी सुधाबाईंचा ओरडा खाल्लेला आहे, आणि उरलेले निम्मे थापा मारतात. अशोक स्तंभापासून आत वळलं की एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचा क्लास होता. जिना असा अरुंद, की वरून उतरणाऱ्याने पोट आत घेतल्याशिवाय खालून चढणाऱ्याला वाट मिळत नसे. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण आत चपला घालून जाणं म्हणजे घोर पाप. धूळ जाते ना मशीनमध्ये! त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे घरचा जावईच. त्याला एसी, त्याला पडदा, त्याच्या अंगावर शिवलेली झूल, आणि माणसं बाहेर घामाघूम.

काय दिवस होते ते! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की पोरं श्वास रोखून बघत. फ्लॉपी कंपासपेटीत ठेवून घरी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ती वाचली नाही की तिच्यावर फुंकर मारायची. कॉलेज रोडवर तेव्हा संध्याकाळी सायकली दिसायच्या आणि सायकलीवरून दोघं जण गप्पा मारत जाऊ शकायचे. दिंडोरीची पोरं एसटीने येत, मनमाडची पॅसेंजरने, आणि उशीर झाला की सगळ्यांची सबब एकच: "मॅडम, गाडी लेट." बाई म्हणत, "गाडी लेट होती की तू?" आणि खडू मोडून टेबलावर आपटत. पण त्याच बाई डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणत, कारण कोणाचं तरी पोट रिकामं आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. रागाच्या बाईंना असं सगळं कळतं, हे एक बरं असतं.

बाईंचे यजमान शामसुंदरराव पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर त्यांची उभी हयात गेली. उंच, किरकोळ, उन्हाने रापलेला माणूस. बाई जेवढ्या तापट, तेवढे हे थंड. त्यांना दोनच नाद, एक चहाचा आणि दुसरा फोटो काढण्याचा. लग्न असो, बारसं असो, सोमेश्वरच्या धबधब्यावरची सहल असो, गळ्यात कॅमेरा अडकवून हे आपले पुढे. "जरा हसा हो, हसायला खात्याची मंजुरी लागत नाही!" असं म्हणत ते सगळ्यांचे फोटो काढत. परिणाम काय, तर घरात अल्बम ढीगभर आणि त्यांत शामसुंदरराव कुठेच नाहीत. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात लेन्सच्या आड आलेलं त्यांचं बोट तेवढं दिसे. बाई म्हणत, "एक तरी फोटो काढून घ्या स्वतःचा." ते म्हणत, "आहे की, ऑफिसच्या ओळखपत्रावर." त्या ओळखपत्रावरचा माणूस तर चोरून आणल्यासारखा दिसायचा.

दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं ते संकट येऊन गेलं, म्हणजे आलंच नाही, आणि मग गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. बाईंचे विद्यार्थी घटायला लागले. तेव्हा त्या पुण्याला जाऊन एक नवीन विषय शिकून आल्या. मोठमोठ्या कंपन्यांत माहिती साठवायची जी नवी पद्धत आली होती, सॅन म्हणतात तिला, तिचा अभ्यासक्रम. पुण्याहून परतल्या त्या डोकं धरूनच. होस्ट, टार्गेट, फॅब्रिक, झोन, लन, मास्किंग. इंग्रजी पुस्तकातली व्याख्या त्या पोरांना वाचून दाखवत आणि पोरं आलटून पालटून पंख्याकडे बघत.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बाई मेथी निवडता निवडता स्वतःशीच व्याख्या पुटपुटत होत्या. शामसुंदरराव चहा फुंकत ऐकत होते.

"अगं, नेमकं आहे तरी काय ते? मला सांग बरं."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर नाही कळलं. चहा तर संपेल."

बाईंनी सांगितलं. पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात त्याची त्याची डिस्क असायची. एकाची भरून वाहायची, दुसऱ्याची रिकामी. आता सगळ्या डिस्का एका मोठ्या कपाटात, आणि तिथून काचेच्या तारांनी प्रत्येक कॉम्प्युटरला जागा वाटून द्यायची. तो वाटून दिलेला तुकडा म्हणजे लन.

शामसुंदररावांनी कप खाली ठेवला. "मग ही तर सामाईक विहीर झाली की! आधी प्रत्येकाच्या दारात आपापला रांजण. मग भावकीने मिळून एक विहीर खोदली. विहिरीत कुणाचा चार आणे हिस्सा, कुणाचा आठ आणे. तो हिस्सा म्हणजे तुझं ते लन. मोटार ज्याची त्याची, ते तुझं होस्टाचं कार्ड. पाइप आणि पाट म्हणजे तुझं फॅब्रिक. आणि पाटाचं कुठलं तोंड, कुठलं बारं, कुणाच्या वावरात उघडायचं, ते म्हणजे झोन. झालं!"

मेथीची काडी हातात तशीच धरून बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"पण एक सांगतो," शामसुंदरराव म्हणाले, "पोरांना भांडणं पण सांग. दुसऱ्याच्या हिश्श्यात हात घातला की डोकी फुटतात. पाळी बांधून दिल्याशिवाय सख्खा भाऊ सख्ख्या भावाला ओळखत नाही. माझी निम्मी नोकरी त्यातच गेली."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर विहीर काढली. आणि काय सांगावं, वर्ग जागा झाला! सगळी शेतकऱ्यांची, माळ्यांची, गावाकडची पोरं. त्यांना झोन म्हणजे बारं हे सांगावंच लागलं नाही, तीच एकमेकांना समजावू लागली. भांडणंही बाईंनी सांगितली, पहिल्या दोन-तीन बॅचना. पण तो भाग आला की पोरं आपापल्या चुलत्यांच्या गोष्टी सांगत सुटत, हसून हसून वर्गाचा तमाशा होई आणि तास संपून जाई. मग बाईंनी तो भाग गाळला. परीक्षेत कोण विचारतंय भावकीचं भांडण? विहीर कळली, पुरे झालं.

भांडणं गाळल्यानंतरच्याच एका बॅचमध्ये ललित होता. मखमलाबादच्या माळ्याचा मुलगा, घरी शेवंती, झेंडू, कोथिंबीर. सकाळी मार्केटला माल टाकून तो वर्गाला येई, त्यामुळे त्याच्या शर्टाला कायम कोथिंबिरीचा वास. बोलायला लाजरा, पण हात असा सफाईदार की बाईंनी त्याच्यावर कधी खडू मोडला नाही. शरणपूर रोडला मयुरेश नावाच्या तरुणाची मोठी कलर लॅब होती. नाशिक जिल्ह्यातले झाडून सगळे फोटोग्राफर लग्नाचे फोटो तिथे देत. मयुरेशने मुंबईच्या कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेलं जुनं स्टोरेजचं कपाट स्वस्तात उचललं आणि ते सांभाळायला माणूस शोधत बाईंकडे आला. बाई म्हणाल्या, "ललितला घ्या. डोळे झाकून घ्या." पोराला नोकरी लागली, तेव्हा त्याची आई अंबूबाई टोपलीभर शेवंती घेऊन क्लासचा जिना चढून आली होती.

दोन हजार सहाच्या वैशाखात बाईंच्या एकुलत्या एका लेकीचं, सईचं, लग्न झालं. गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयात. त्या दिवशी प्रथमच शामसुंदररावांच्या गळ्यात कॅमेरा नव्हता. सईने दम भरला होता, "बाबा, आज तुम्ही फोटोत असायचं. कॅमेरा दिसला तर मी बोहल्यावर चढणार नाही." व्हिडिओ मात्र त्यांनीच नको म्हटलं, त्या प्रखर दिव्यांनी माणसं भाजून निघतात म्हणून. फेटा बांधून ते दिवसभर मांडवात हिंडले, आणि फोटोग्राफरने त्यांना पकडून पकडून टिपलं. अक्षता टाकताना ते इतके हसत होते, की बाईच त्यांना म्हणाल्या, "अहो, लेक सासरी चाललीय, जरा तरी रडा."

आणि आषाढात ते गेले. दुपारी जेवून उठले, हात धुतला, आणि तिथेच बसले. बस, एवढंच. दवाखान्यात नेण्याइतकीही सवड त्यांनी दिली नाही. आयुष्यभर कुणाला त्रास म्हणून दिला नाही त्या माणसाने, जातानाही नाही.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की घरात त्यांचा फोटोच नाही. ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. सई तो बघून म्हणाली, "हे बाबा नाहीत." बाई म्हणाल्या, "थांब, लग्नाचा अल्बम येऊ दे." त्या अल्बमवर सगळं येऊन थांबलं होतं. लग्नसराईचं काम तुंबल्याने लॅबमधून "पुढच्या आठवड्यात" असा निरोप येई आणि बाई पुढच्या आठवड्याची वाट बघत. वर्गात शिकवताना, भाजी चिरताना, त्यांच्या मनात एकच असे: फेटा बांधलेला, हसणारा तो माणूस कुठेतरी त्या कपाटात सुखरूप आहे. येईल.

आला तो मयुरेश. रिकाम्या हातांनी. जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला.

"मॅडम, कसं सांगू... वैशाखापासूनचे फोटो गेले. सगळे. तुमच्याकडच्या लग्नाचेही."

"गेले म्हणजे? कुठे गेले? कपाटात मिरर आहे ना? प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते ना?"

"आहे. पण चूक पण दोन्हीकडे लिहिली गेली. फोटोग्राफरांनी कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नांना वापरली. तुमच्या ललितने घोळ घातला, मॅडम. आणि दुसऱ्या दिवसापासून कामावरच आला नाही."

वर्गातली पोरं घाबरली, कारण खडूही मोडला नाही. बाईंनी पर्स उचलली, खाली उतरल्या आणि कायनेटिकला किक मारून थेट मखमलाबाद गाठलं. रस्ताभर त्या मनात ललितला फाडून खात होत्या. एवढं शिकवलं, एवढा विश्वास टाकला, जीव लावला, त्याचं हे फळ? माझ्या घरातला शेवटचा माणूस तू पुसलास!

मळ्यात अंबूबाई मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. बाईंना बघताच त्या धडपडून उठल्या, पदराने हात पुसत म्हणाल्या, "या बाई, या. पोरगं दोन रोज झालं जेवलं नाय. विहिरीपाशी बसलंय. तुमीच सांगा त्याला काय ते. मी च्या टाकते."

ललित विहिरीच्या काठावर पाठमोरा बसला होता. बाईंची चाहूल लागताच उभा राहिला, आणि मान खाली. दोन मोटारी धडधडत होत्या, त्यामुळे बाईंना ओरडून बोलावं लागलं. नाही तरी त्यांना ओरडायचंच होतं.

"काय केलंस तू?"

"बाई, दोन मशिनी हायेत लॅबमधे. एक फोटो उतरवून घ्यायचं, दुसरं अल्बम बनवायचं. दोघांला आपापलं लन व्हतं. फोटो इकडून तिकडं कॉपी करायला लय टाइम जायचा. मयुरेशभाऊ घाई करत व्हते. मग मी दुसऱ्या मशिनीला बी तेच लन दाखवलं. म्हटलं, कॉपीच नको. दोघं एकाच जागंवरून घेतील."

"एकच लन दोन मशीनला? अरे, झोन शिकवला होता ना तुला? मास्किंग शिकवलं होतं ना?"

"शिकवलं व्हतं ना. बाहेरच्याला बारं उघडायचं नाय. पण बाहेरचं कोण व्हतं, बाई? एकाच मालकाची दोन मशिनी, म्हंजे दोन भावच की." त्याने विहिरीकडे हात केला. "ही विहीर माझ्या बापाची आन् चुलत्याची. दोन मोटरी हायेत. दोन्ही एकदम चालतात. कालव्याचं पाझराचं पाणी हाय, कधी कमी पडलं नाय, कधी पाळी लावली नाय. तुमीच सांगितलं व्हतं, समदं इहिरीवाणी हाय."

दोन्ही मोटारी खरंच एकदम चालत होत्या, दोन्ही पाइपांतून पांढरं पाणी उसळत होतं, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पाण्याचं बरं असतं. या मोटारीने ओढलेलं पाणी आणि त्या मोटारीने ओढलेलं पाणी एकमेकांवर चढून बसत नाही. पण डिस्क तशी नसते. प्रत्येक मशीनला वाटतं की ही जागा आपल्या एकट्याची, कुठलं घर रिकामं आणि कुठलं भरलेलं याचा हिशेब ते आपल्याच डोक्यात ठेवतं, दुसऱ्याला विचारत नाही. एकाने जिथे एका लग्नाचे फोटो ठेवले, तिथेच दुसऱ्याने रिकामी जागा समजून दुसरं लग्न मांडलं. दोन महिने कुणाला पत्ता नाही. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. ललितला नव्हतं, कारण त्याच्या बॅचला त्यांनी ते सांगितलंच नव्हतं. पोरांना भांडणं पण सांग, असं शामसुंदरराव म्हणाले होते. आपण ती गाळली.

बाई मट्‌कन विहिरीच्या काठावर बसल्या आणि रडायला लागल्या. तेराव्याला रडल्या नव्हत्या, तेवढं सगळं त्या तिथे रडल्या. ललितची पाचावर धारण बसली.

"त्यांचा एकही फोटो नाही रे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

ललितला तोवर माहीत नव्हतं, की गेलेल्यांत हेही लग्न आहे. तो खालीच बसला. "बाई, मला मारा. खरंच मारा."

"मारून काय होणार? चूक अर्धी तुझी आहे. तुझी नाही असं मी म्हणणार नाही, अडलं होतं तर विचारायला काय झालं होतं? आणि अर्धी माझी आहे. मी तुला अर्धीच विहीर शिकवली." त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि एकदम काहीतरी सुचून त्या उठल्या. "कपाट चालू आहे का अजून? मयुरेश त्यावर नवीन फोटो टाकतोय का?"

"फॉरमॅट मारणार म्हणत व्हते."

"चल! ऊठ! जे दुसऱ्याच्या खाली गेलं ते गेलं, पण जे अजून तसंच पडलंय, त्यावर आता काही लिहू द्यायचं नाही."

अंबूबाईंचा चहा चुलीवरच राहिला. मयुरेशच्या लॅबमध्ये त्या दिवशी जे झालं, ते शरणपूर रोडने ऐकलं म्हणतात. मयुरेश म्हणत होता, मॅडम, सीझनचे अल्बम तुंबलेत, मला कपाट आजच्या आज लागतं. बाई म्हणाल्या, "तुमचा सीझन पुढच्या वर्षी परत येईल. माझा माणूस येणार आहे का?" मयुरेश वाईट नव्हता, फक्त घाईत होता. कपाटातून डिस्का काढून त्याने बाईंच्या हवाली केल्या आणि स्वतःसाठी नव्या आणल्या.

मग श्रावण गेला, गणपती गेले. क्लासच्या मागच्या खोलीत ललित डिस्कचा कण न् कण चाळत बसला. आधी जशाच्या तशा प्रती काढल्या, मूळ डिस्का गुंडाळून ठेवल्या, आणि मग प्रतींतून जे हाती लागेल ते वेचू लागला. पूर्ण फोटो क्वचित. बहुतेक राखाडी पट्ट्या. कधी नुसती रोषणाई, कधी एखाद्या पोराचा जांभई देणारा चेहरा, कधी मान नसलेला नवरदेव. कुणाच्याही लग्नातला फोटो धड निघाला की तो त्या घरी पोचवायचा, असा बाईंचा हुकूम होता. लोक आधी तोंडसुख घेत, मग फोटो बघत आणि मग चहा देत. वर्गात बाई आता विहीर शिकवताना पहिला तास भांडणावरच घेत. पोरं हसली तर हसू द्यायच्या. आणि शेवटी त्या ललितला फळ्यापाशी उभा करत. तो आपली चूक आपल्या तोंडाने सांगे, आणि मग कुणी हसत नसे.

शामसुंदरराव मात्र सापडेनात. सईचा शालू सापडला, जावयाचा बूट सापडला, मांडवातला केळीचा खांब सापडला. बाई रोज संध्याकाळी विचारत आणि रोज तो मान हलवी. शेवटी त्यांनी विचारणं बंद केलं, कारण त्या पोराच्या चेहऱ्याकडे त्यांना बघवेना.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मागच्या खोलीतून ललितची हाक आली. "बाई!" आवाज असा, की बाई शिकवणं सोडून धावल्या.

पडद्यावर शामसुंदरराव होते. फेटा, रापलेला चेहरा, सगळे दात दिसतील असं हसू, आणि अक्षता टाकायला उंचावलेला हात. छातीपर्यंत ते लख्ख होते. तिथे एक आडवी रेघ, आणि रेघेखाली दुसरंच लग्न. कुणाची तरी हळदीने पिवळी झालेली ओंजळ, आणि त्या ओंजळीत झारीने पाणी सोडणारा एक बाईमाणसाचा हात. हातात बांगडी नाही, मनगटावर गोंदण. कन्यादान चाललेलं होतं.

बाई आधी हसल्या. हसता हसता त्यांनी पडद्याला हात लावला, आणि मग त्या रडू लागल्या. संध्याकाळी सई आली, तीही तशीच हसली आणि तशीच रडली. म्हणाली, "हे बाबा."

"खालचा भाग कापून टाकतो, बाई," ललित म्हणाला. "चांगला मोठा करून, चौकट लावून देतो."

"थांब," बाई म्हणाल्या. "वरचा अर्धा आपला आहे. खालचा अर्धा कुणाचा आहे ते आधी शोध. त्यांचंही काही वाचलं नसेल तर?"

मयुरेशने त्या सुमाराच्या लग्नांच्या फोटोग्राफरांना विचारून पाहिलं. एकाने ती झारी ओळखली. लग्न मनमाडचं होतं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं, आणि त्या घरचा एकही फोटो आतापर्यंत निघाला नव्हता. दिवाळी झाल्यावर एका रविवारी बाई आणि ललित पॅसेंजरने मनमाडला गेले.

दार उघडलं ते नवसाबाईंनी. पन्नाशीची बाई, नवरा रेल्वेत होता, तो वारल्यावर त्यांना तिथेच पाणी भरण्याचं काम मिळालेलं. ललितने हात जोडले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की तुमच्या लेकीचे फोटो माझ्या हातून गेले. लॅबच्या नावाने नवसाबाईंनी केव्हाच बोटं मोडून घेतली असणार. बाईंनी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या पुढ्यात धरला.

नवसाबाई तो घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. गोंदणावरून बोट फिरवलं, मग स्वतःचं मनगट शेजारी धरून पाहिलं.

"हा माझा हात हाय," त्या म्हणाल्या. "ही ओंजळ माझ्या साधनाची. बापाविना पोर, कन्यादान कोण करणार म्हणून भावकी अडून बसली. रांडमुंड बाईनं झारीला हात लावू नये म्हणे. मी म्हटलं, मी जन्म दिला, मी वाढवली, देणार बी मीच. आन् दिली. त्याचाच फोटो पाहिजे व्हता मला. बाकीचे नसले तरी चालले असते."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आन् हे वरचे कोण?"

"आमचे हे. माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकतायत."

"कुठं असतात?"

"गेले. आषाढात."

नवसाबाईंनी बाईंकडे नीट पाहिलं. बाई घाईघाईने म्हणाल्या, "तुम्हाला खालचा भाग वेगळा कापून देते. तुमचा तुम्हाला."

"कापता कशाला?" नवसाबाई फोटो छातीशी धरून म्हणाल्या. "राहू द्या तसंच. समदे म्हणत व्हते, पोरीच्या डोक्यावर बापाचा हात नाय. आता हाय."